स्विचवर डीएचसीपी पूल बसवताना: 8 एप्रिल ते 19 जुलै

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सहायक आहे. शिक्षण बीएस्सी, विषय भौतिकशास्त्र. नेटवर्किंगचा कोर्स केलेला नाही. केबलला जॅक मारणं, प्रिंटर जोडणं, राउटर बंद करून चालू करणं, एवढी कामं बारा वर्षं करत आले. 2024 साली कॉलेजमधल्या सगळ्या संगणकांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला लागणारे आकडे, आपोआप वाटायचं काम (यालाच डीएचसीपी म्हणतात) एका मोठ्या स्विचवर, म्हणजे सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्रावर, न्यायचं ठरलं आणि ते माझ्यावर आलं. माझ्यासारखे सहायक गावोगावच्या कॉलेजांत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना फोन करून विचारायला कुणी नसतं. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात 14 मार्चला झाली. लॅब दोनमध्ये तृतीय वर्षाची ऑनलाइन चाचणी होती, सकाळी अकराची. पावणेअकराला मुलं बसली आणि चाळीसपैकी अकरा संगणकांवर इंटरनेटच्या खुणेवर पिवळा त्रिकोण आला. कमांडच्या खिडकीत आयपीकॉन्फिग (संगणकाचा पत्ता दाखवणारी कमांड) केलं तर पत्ता 169.254 ने सुरू होणारा. ज्या संगणकाने पत्ता मागितला आणि कुणीच दिला नाही, तो स्वतःलाच असा पत्ता लावून घेतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी केबल काढून घातल्या, संगणक पुन्हा सुरू केले. दोन चालू झाले, नऊ नाही. त्या नऊ जणांत एक मुलगी पहाटेच्या एसटीने दीड तास प्रवास करून आली होती. तिची चाचणी दुपारी दोनला झाली आणि तिची परतीची गाडी चुकली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्यात नेटवर्कचं काम करणाऱ्या मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, राउटरमध्ये जाऊन पत्त्यांची यादी बघ." बघितली तर सगळे पत्ते संपलेले. आमचं सगळं कॉलेज एकाच राउटरवर होतं, 192.168.1 या एकाच पट्ट्यात. वाटायला जेमतेम अडीचशे पत्ते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त फोनांनी घेतलेले. राउटरवर लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, 24 तासांची होती. सकाळी दहा मिनिटांसाठी वाय-फायला जोडलेला फोन घरी गेला तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहायचा. लॅबमधला संगणक मात्र दारात उभा.

उपाय मावसभावानेच सुचवला. एक लेयर-थ्री स्विच, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांना एकमेकांकडे रस्ताही देणारा स्विच, घ्यायचा; प्रत्येक लॅबचं, ऑफिसचं, ग्रंथालयाचं आणि वाय-फायचं वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क, करायचं, आणि प्रत्येक व्हीलॅनसाठी स्विचवरच वेगळा डीएचसीपी पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, ठेवायचा. म्हणजे फोनांनी कितीही पत्ते खाल्ले तरी लॅबचे पत्ते लॅबलाच.

8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, प्राचार्य सरांच्या नावे अर्ज दिला आणि आवकला नोंदवून घेतला. अर्जासोबत 14 मार्चच्या नऊ संगणकांची यादी आणि राउटरच्या पडद्याची छापील प्रत जोडली. ती जोडल्याचा फार उपयोग झाला. खरेदी समितीत तांत्रिक माणूस कुणी नव्हतं, पण "पत्ते शिल्लक: 0" ही ओळ सगळ्यांना कळली. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. त्यात महिना गेला, कारण 7 मेला साताऱ्यात लोकसभेचं मतदान होतं आणि समितीतले तिघेही निवडणुकीच्या कामावर होते. अखेर बैठक 23 मेला झाली, 27 मेला खरेदी आदेश निघाला आणि माल 19 जूनला आला.

नवा स्विच आमच्या ऐपतीबाहेर होता. आम्ही रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून तपासून पुन्हा विकायला काढलेला, सिस्कोचा कॅटॅलिस्ट 3560 घेतला. किंमत 16,500 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 19,470. कन्सोल केबल, म्हणजे स्विचला कमांड द्यायला लॅपटॉप जोडायची केबल, आणि लॅपटॉपच्या यूएसबीला लागणारा जोड दरपत्रकात लिहायला मी विसरले होते. ते 650 रुपये आधी खिशातून घातले, मग किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर मिळाले. तुम्ही मागणी लिहाल तेव्हा केबल, पॉवर कॉर्ड आणि रॅकमध्ये बसवायच्या पट्ट्या वेगळ्या ओळींत लिहा. न लिहिलेली वस्तू येत नाही.

माल यायच्या आधीचे तीन आठवडे मी वहीत घालवले, आणि आता मागे बघताना वाटतं की खरं काम तेच होतं. शंभर पानी वही घेतली. शिपाईमामांना सोबत घेऊन खोली-खोली फिरले. प्रत्येक संगणक, प्रिंटर, वाय-फायचा डबा, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र. कुठे आहे, मॅक पत्ता (कारखान्यातच यंत्राला मिळालेला अक्षर-आकड्यांचा क्रमांक) काय, आयपी पत्ता आपोआप मिळतो की कुणीतरी हाताने बसवलाय. मामा टॉर्च धरून प्रिंटरमागचा स्टिकर वाचायचे आणि मी लिहायचे. "बी का आठ?" असं आम्ही एकमेकांना किती वेळा विचारलं असेल! सगळे मिळून 163 नग निघाले, त्यातल्या 14 वर पत्ता हाताने बसवलेला होता. त्यातले सहा कुणी आणि कधी बसवले हे कॉलेजात कुणालाच सांगता येईना.

मग कागदावर आराखडा केला. लॅब एकला 10.20.10, लॅब दोनला 10.20.20, लॅब तीनला 10.20.30, ऑफिसला 10.20.40, ग्रंथालयाला 10.20.50. या पाचही ठिकाणी मास्क (पट्टा केवढा ते ठरवणारा आकडा) 255.255.255.0, म्हणजे प्रत्येकी 254 पत्ते. व्हीलॅनचा क्रमांक आणि पत्त्यातला तिसरा आकडा एकच ठेवला, म्हणजे पत्ता बघताच खोली कळते. वाय-फायसाठी चार पट्टे एकत्र हवे होते. मास्क 255.255.252.0 धरला की 1022 पत्ते मिळतात, पण तिसरा आकडा चाराने भाग जाणाऱ्या जागी सुरू व्हायला हवा. मी आधी 70 लिहिला होता. मावसभावाने कागदाच्या फोटोवर गोल करून पाठवला, तेव्हा तो 64 केला: 10.20.64.0 ते 10.20.67.255.

स्विच आला तो थेट रॅकमध्ये लावला नाही. स्टाफरूमशेजारच्या रिकाम्या खोलीत टेबलावर ठेवला आणि दोन जुने लॅपटॉप जोडून रोज साडेपाच ते सात सराव केला. पुटी (स्विचला कमांड द्यायचा प्रोग्राम) उघडायचं, जोडणी सिरीअल, वेग 9600. पहिल्यांदा पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा मला खूप आनंद झाला, आणि पुढच्याच मिनिटाला भीतीही वाटली, कारण आता काही चुकलं तर ते माझंच असणार होतं.

पूल असा लिहायचा असतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते.

आयपी डीएचसीपी एक्सक्लूडेड-ॲड्रेस 10.20.20.1 10.20.20.20
आयपी डीएचसीपी पूल लॅब2
नेटवर्क 10.20.20.0 255.255.255.0
डिफॉल्ट-राउटर 10.20.20.1
डीएनएस-सर्व्हर 8.8.8.8 1.1.1.1
लीज 0 8

पहिली ओळ पूलच्या बाहेर, मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहायची असते. ती सांगते की पहिले वीस पत्ते कुणाला वाटू नकोस. ते स्विचसाठी आणि हाताने पत्ता बसवलेल्या नगांसाठी राखलेले. ही ओळ पूलच्या आधी लिहायची सवय लावा. आधी पूल केला आणि तेवढ्यात कुणी पत्ता मागितला, तर राखीव पत्ताही वाटला जाऊ शकतो. डिफॉल्ट-राउटर म्हणजे त्या पट्ट्यातून बाहेर जायचं दार, आणि डीएनएस-सर्व्हर म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा.

एवढं लिहून लॅपटॉप जोडला. पत्ता नाही. पुन्हा 169.254. तीन संध्याकाळी यात गेल्या. पूलमधली प्रत्येक ओळ पुसून पुन्हा लिहिली, नाव बदलून पाहिलं. चूक पूलमध्ये नव्हतीच. संगणक पत्ता मागतो तेव्हा तो त्या व्हीलॅनमध्ये सगळ्यांना उद्देशून ओरडतो. हे ओरडणं यूडीपी या संदेश पाठवायच्या पद्धतीतल्या 67 क्रमांकाच्या पोर्टवर (हा केबलचा पोर्ट नव्हे, नुसता क्रमांक) येतं, उत्तर 68 वर जातं. ओरडणं कोणत्या व्हीलॅनमधून आलं आणि त्या व्हीलॅनच्या इंटरफेसला (त्या व्हीलॅनमधल्या स्विचच्या दाराला) स्विचवर कोणता पत्ता आहे, यावरून स्विच पूल निवडतो. पूलचं नाव फक्त आपल्या वाचण्यासाठी असतं. मी व्हीलॅन 20 केलं होतं, पण 'इंटरफेस व्हीलॅन 20' मध्ये जाऊन 10.20.20.1 हा पत्ता दिलाच नव्हता. तो दिला, 'नो शटडाउन' लिहिलं, आणि लॅपटॉपवर 10.20.20.21 आला. 27 जूनची संध्याकाळ होती. मी घरी आईला फोन करून सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिलाही बरं वाटलं.

'शो आयपी डीएचसीपी बाइंडिंग' ही कमांड कुणाला कोणता पत्ता दिला आणि तो कधी संपतो ते दाखवते. तिथे मुदत संपायची तारीख मार्च 1993 मधली दिसली. मला वाटलं यंत्र बिघडलेलं आलंय. तसं नव्हतं. या जुन्या स्विचला घड्याळासाठी बॅटरी नसते, चालू झाला की तो 1 मार्च 1993 पासून मोजायला लागतो. 'क्लॉक सेट'ने तारीख दिली आणि स्विच बंद होऊन चालू झाला तरी ती आपोआप पुन्हा लागावी म्हणून एनटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सेवेचा, पत्ताही दिला.

त्याच यादीत आणखी एक चूक सापडली, आणि ती वेळेत सापडली म्हणून मी सुटले. लीजच्या पुढे आधी दिवस, मग तास, मग मिनिटं लिहायची असतात. वाय-फायला दोन तासांची मुदत हवी म्हणून मी 'लीज 2' लिहिलं होतं. ते झाले दोन दिवस. काहीच लिहिलं नाही तर हा स्विच एक दिवस धरतो. बरोबर ओळ 'लीज 0 2'. ही चूक तशीच रॅकमध्ये गेली असती तर 1022 पत्ते असूनही काही दिवसांत पुन्हा मार्चसारखीच वेळ आली असती.

2 जुलैला लाइट गेली आणि दोन दिवसांचं लिहिलेलं सगळं गेलं, कारण मी 'राइट मेमरी', म्हणजे लिहिलेलं स्विचमध्ये कायमचं साठवणं, केलं नव्हतं. तेव्हापासून दर बदलानंतर ते करते, आणि पूर्ण कॉन्फिगरेशन पुटीतून मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवते. एक गोष्ट त्यातही लक्षात ठेवायला हवी: कॉन्फिगरेशन जपून ठेवलं तरी कुणाला कोणता पत्ता दिला ही यादी स्विच बंद झाला की पुसली जाते, ती वेगळीकडे साठवायची सोय केली नसेल तर. पुन्हा चालू झाल्यावर नवा पत्ता देण्याआधी स्विच त्या पत्त्यावर दोनदा पिंग करून, म्हणजे तिथे कुणी आहे का असं विचारून, पाहतो. उत्तर आलं तर तो पत्ता 'कॉन्फ्लिक्ट'च्या यादीत बाजूला ठेवतो. पण ज्या संगणकाची फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही, तो यातून निसटतो. म्हणून स्विचसाठी यूपीएस मागितला. स्टोअरमध्ये एक जुना पडून होता, 2,300 रुपयांची बॅटरी घालून तो चालू केला.

प्रत्यक्ष बदल आषाढी एकादशीला, 17 जुलैला केला. कॉलेज बंद. मी, मामा आणि सकाळच्या गाडीने पुण्याहून आलेला मावसभाऊ. तिघांचाही उपास होता. मामींनी भगर आणि शेंगदाण्याची आमटी डब्यात दिली होती, ती सर्व्हर रूमच्या दारात बसून खाल्ली. लॅबमधले साधे स्विच तसेच ठेवले. त्या-त्या लॅबची केबल मोठ्या स्विचच्या ठरलेल्या पोर्टवर आणली आणि पोर्ट त्या व्हीलॅनला दिला. जुन्या राउटरवरचं डीएचसीपी बंद केलं.

अर्ध्या तासात दोन अडचणी आल्या. संगणक सुरू होताना पत्ता मिळेना, पाच-सहा मिनिटांनी आपोआप मिळे. स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचं वेटोळं झालंय का हे बघणारी स्विचमधली सोय, पोर्ट खुला करायला 30 सेकंद घेते, तोवर संगणक मागून थकलेला असतो आणि पुन्हा मागायला वेळ लावतो. लॅबकडे जाणाऱ्या पोर्टांवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' लावलं, म्हणजे पोर्ट लगेच खुला होतो, आणि कुणी चुकून केबलचं वेटोळं केलं तर पोर्ट बंद व्हावा म्हणून 'बीपीडीयू गार्ड'ही. दुसरी अडचण: पत्ता बरोबर, पण इंटरनेट नाही. स्विचकडून राउटरकडे जायचा रस्ता मी दिला होता, राउटरला मात्र 10.20 चे पट्टे कुठे आहेत हे ठाऊकच नव्हतं. राउटरमध्ये स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने दिलेला रस्ता, लिहिला: 10.20.0.0, मास्क 255.255.0.0, स्विचच्या 192.168.1.2 या पत्त्याकडे. लॅब एकमधल्या पहिल्या संगणकावर पान उघडलं. पावणेपाच वाजले होते.

18 जुलैला सकाळी साडेदहाला ऑफिसमधून हाक आली: बोनाफाइडचे दाखले छापले जात नाहीत. प्रिंटरला रोज तोच पत्ता मिळावा म्हणून मी स्विचवर त्याची वेगळी नोंद केली होती, पण त्याला भलताच पत्ता मिळाला होता. बाहेर पंधरा-वीस मुलं उभी. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "होऊ दे सावकाश, मी हाताने लिहून देते," आणि त्यांनी खरंच सात दाखले हाताने लिहिले. त्या वाक्यामुळे माझे हात थरथरायचे थांबले.

कारण असं होतं. वहीतला मॅक पत्ता मी जसाच्या तसा 'क्लायंट-आयडेंटिफायर'च्या पुढे लिहिला होता. पण यंत्र स्वतःची ओळख सांगताना बारा अक्षरांच्या मॅक पत्त्याआधी 01 लावतं, म्हणजे एकूण चौदा अक्षरं होतात, आणि ती चार-चारच्या गटांत ठिपके देऊन लिहायची असतात. काही यंत्रं ही ओळख सांगतच नाहीत, त्यांच्यासाठी 'हार्डवेअर-ॲड्रेस' वापरावं लागतं. आता मी अंदाज करत नाही. आधी प्रिंटरला मिळेल तो पत्ता घेऊ देते, बाइंडिंगच्या यादीत त्याची ओळख कशी दिसते ते बघते, 01 ने सुरू होणारी चौदा अक्षरं असतील तर पहिली कमांड, नुसती बारा असतील तर दुसरी, आणि तिथूनच कॉपी करते. मग 'क्लिअर आयपी डीएचसीपी बाइंडिंग' करून जुनी नोंद काढते आणि प्रिंटर बंद करून चालू करते. अशा प्रत्येक नगासाठी वेगळा पूल करावा लागतो, हेही आधी माहीत असलेलं बरं.

दुपारी लॅब तीन. तीसपैकी आठ संगणकांवर 192.168.0 ने सुरू होणारे पत्ते. हा पट्टा माझ्या आराखड्यात कुठेच नव्हता. आयपीकॉन्फिग ऑलमध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' अशी एक ओळ असते, तिथे 192.168.0.1 होतं. म्हणजे खोलीत आणखी कुणीतरी पत्ते वाटत होतं. आर्पच्या यादीतून (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता ते दाखवणारी संगणकातली यादी) त्याचा मॅक पत्ता काढला, स्विचवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल'मध्ये शोधला, तो लॅब तीनच्याच पोर्टवर दिसला. आम्ही खोली उलथीपालथी केली. शेवटी मामांनाच सापडला: जुन्या प्रोजेक्टरच्या कपाटामागे, धुळीने माखलेला, हिरवा दिवा लुकलुकणारा छोटा राउटर. कधीतरी वाय-फाय वाढवायला कुणीतरी लावलेला. वहीत नव्हता, कारण कपाट हलवून बघायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

त्यानंतर 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग' लावलं. त्यामुळे आगंतुक राउटरने देऊ केलेले पत्ते मोठा स्विच अडवतो. पण त्याच खोलीतल्या साध्या स्विचला जोडलेल्या संगणकांपर्यंत ते तरीही पोचतात, कारण तो रस्ता मोठ्या स्विचवरून जातच नाही. स्नूपिंग लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. कपाटं हलवून बघाच.

19 जुलैला दिवसभर काही झालं नाही. संध्याकाळी 'शो आयपी डीएचसीपी पूल' बघितलं: वाय-फायवर 211 पत्ते गेलेले, लॅब दोनवर 40. डेडस्टॉक रजिस्टरला स्विचची नोंद केली, प्राचार्य सरांची सही घेतली. आराखड्याचा कागद लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून चिकटवला आणि खाली तारीख घातली.

12 ऑगस्टला लॅब दोनमध्ये पुन्हा तृतीय वर्षाची चाचणी झाली. मी साडेदहालाच सर्व्हर रूममध्ये जाऊन यादी बघत बसले. 10.20.20.21, 22, 23 असे पत्ते एकेक करून येत गेले. चाळीस झाले तेव्हा लॅबमध्ये गेले. मागच्या वेळी गाडी चुकलेली मुलगी चौथ्या रांगेत बसली होती, पेपर उघडून.

मागच्या आठवड्यात ग्रंथालयासाठी नवा प्रिंटर आला. मी लॅबमध्ये होते. मामांनी खोका उघडला, पण केबल लावली नाही. यंत्र उलटं करून स्टिकरचा फोटो काढला आणि वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, आधी हे लिहून घ्या."